आंबा खाल्लात का?

मे महिना लागला की आमच्या दवाखान्यात खोटं बोलणाऱ्यांची संख्या वाढते. एरवी ही माणसं सरळ असतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी मुख्याध्यापक होतं, कुणाची स्वतःची शंभर कलमांची बाग आहे. पण डॉक्टरांनी त्यांना माझ्या टेबलापाशी पाठवलं आणि फाईल उघडून मी "आंबा खाल्लात का?" असं विचारलं, की त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाते. एक जण म्हणतो, "नुसता चाखला." दुसरी म्हणते, "घरात आहेत हो, पण ते पाहुण्यांसाठी." परवा एक काका मला कायदेशीर सल्ला विचारावा तशा आवाजात म्हणाले, "बाठा चोखला तर त्याला खाल्ला म्हणत नाहीत ना?"

रत्नागिरीत राहायचं आणि मधुमेह व्हायचा, ही मुळातच एक शिक्षा आहे. त्या शिक्षेवर देखरेख करण्याचा पगार मी गेली पंधरा-सोळा वर्षं घेते. कागदावर माझा हुद्दा समुपदेशक असा आहे. इन्सुलिन कसं टोचायचं, मशीनवर शुगर कशी तपासायची, ताटात किती भात वाढून घ्यायचा, हे लोकांना शिकवायचं आणि ते ऐकत नाहीत म्हणून त्यांना ओरडायचं, असं माझं काम. ओरडणं मला चांगलं जमतं. माझा नवरा म्हणतो की तेवढ्यासाठीच मला ठेवून घेतलंय.

यंदाही सगळं नेहमीसारखं सुरू आहे. दवाखान्याच्या जिन्याखाली कुणीतरी पेट्या रचून ठेवल्यात आणि पेंढ्यातून पिकत्या आंब्याचा वास वर येतो. येणाराजाणारा नाक वर करून म्हणतो, "आहाहा!" मला मात्र त्या वासानं कोंडल्यासारखं होतं. मी उठून खिडकी उघडते, आणि मग लक्षात येतं की बाहेरही तोच वास आहे. या गावात तो दोन महिने कुठंच टाळता येत नाही.

लॉकडाऊनच्या वर्षी तो वास आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायचा. आमच्या इमारतीत मुंबईहून आलेले एक गृहस्थ कोरोनाचे निघाले आणि सगळी इमारत बंद झाली. फाटकावर आडवे बांबू बांधले, वर एक कागद लावला. सामान दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर खेचायचं. तोवर मी अधूनमधून दवाखान्यात तरी जात होते, आता तेही संपलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढं माझं जग. नवरा कॉलेजात शिकवतो, तो झोपायच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसून दिवसभर "मुलांनो, आवाज येतोय का?" असं ओरडायचा. मुलांना आवाज यायचा की नाही देव जाणे, मला भिंतीतून सगळा यायचा.

माझ्या मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त सिंक आणि मिक्सर यांच्या मधल्या दीड फुटात. तिथं उभं राहिलं की खिडकीतून भाट्याच्या खाडीचा एक तुकडा आणि पुलाचं टोक दिसायचं. पुलावर पोलिसांचा तंबू. एरवी सकाळी त्या पुलावरून पावस, पूर्णगडकडच्या गाड्या भरभरून येतात. त्या दिवसांत तिथं एखादं कुत्रं निवांत झोपलेलं असायचं.

डॉक्टरांनी मला यादी दिली होती. जे इन्सुलिन घेतात आणि जे म्हातारे आहेत, अशांना रोज सकाळी फोन करायचा. शुगर किती, डोस किती घेतलात, काय खाल्लंत, पायाला जखम नाही ना. कारण कोरोना झाला तर ही माणसं सगळ्यात आधी जातील, असं जो तो सांगत होता, आणि ती माणसंही टीव्हीवर तेच ऐकत बसली होती. मी डायरी घेऊन त्या दीड फुटात उभी राहायचे. तास-दीड तासात पाय दुखायला लागायचे, मग एक पाय ओट्याखालच्या डब्यावर ठेवायचा. माणसाचा चेहरा समोर नसताना त्याच्याशी बोलायचं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवायचा. खोटं बोलताना त्याची नजर कुठं जाते तेही दिसत नाही. मग मी आवाजावरून ओळखायला शिकले. निदान मला तसं वाटायला लागलं.

आणि आंबे तर त्या वर्षी उदंड! सुरुवातीचे दिवस गाड्याच हलेनात, मुंबईचा बाजार बंद. माल झाडावर पिकून खाली पडायला लागला. आमच्याकडच्या माणसाला पिकलेला हापूस टाकवत नाही, त्याचे हातच वळत नाहीत. त्यामुळे सकाळी आंबा, दुपारी रस, संध्याकाळी पुन्हा आंबा. एका बागायतदारांनी मला फोनवर सांगितलं, "मॅडम, खात नाही हो मी, संपवतोय." माझ्या डायरीतले आकडे असे चढत होते की मला कुणाचंच काही खरं वाटेनासं झालं.

यमुनाआक्का या यादीत होत्या. पूर्णगडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत त्यांचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा सुरेश मुंबईला एका इमारतीवर रखवालदार. तो तिकडे अडकलेला, आक्का इकडे एकट्या. वय सत्तरीच्या पुढं. अंगणात चार कलमं. इन्सुलिन त्या स्वतः टोचून घ्यायच्या, आणि दवाखान्यात मी शिकवलेल्या सगळ्या बायकांत त्यांचा हात सगळ्यात स्थिर होता. त्या माझ्यापेक्षा वयानं एवढ्या मोठ्या, पण तपासणीचा आकडा सांगताना पाढे म्हणणाऱ्या मुलीसारख्या सावरून बोलायच्या.

"एकशे बेचाळीस, बाय. बरा हाय ना?"

"छान आहे, आक्का. नाश्त्याला काय?"

"घावनं. दोनच."

असं आमचं चालायचं. त्यांचा फोन मी मुद्दाम शेवटी ठेवत असे, कारण त्यांच्याशी बोलल्यावर डोकं शांत व्हायचं. बोटाला लावायचा स्पिरिटचा कापूस त्या दिवसांत कुठंच मिळेनासा झाला. सगळं स्पिरिट सॅनिटायझरवाल्यांनी पळवलं. आक्कांनी विचारलं, आता बोट कशाला पुसू? मी घाईत होते. म्हटलं, "एक स्वच्छ ओलं फडकं ठेवा जवळ, त्यानं पुसा आणि टोचा." त्यांनी बरं म्हटलं.

मग एका गुरुवारी आकडा आला तीनशे अडुसष्ट.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तोच. "आक्का, आंबा खाल्लात का?"

"नाय गो बाय."

"रस?"

"नाय. तोंडाला लावला नाय हां अजून."

त्या दिवशी सकाळपासून नऊ जणांनी मला "नाही" असं सांगितलं होतं आणि नऊ जणांच्या आकड्यांनी त्यांना उघडं पाडलं होतं. आक्का दहाव्या. इतरांचा राग आला नव्हता, आक्कांचा आला. ही तरी माझ्याशी खरं बोलते, एवढा एक भरवसा मी त्या बंद घरात जपून ठेवला होता. मी ताडकन म्हटलं, "आक्का, मशीन खोटं बोलत नाही. तुम्हाला खरं सांगायचं नसेल तर मी रोज फोन कशाला करू?" आणि फोन ठेवला. दोन मिनिटंही झाली नसतील. मग डॉक्टरांना विचारून इन्सुलिनची चार युनिट वाढवायला तेवढं कळवलं.

शुक्रवारी आकडा चारशे दोन. मी काही विचारायच्या आधीच आक्का म्हणाल्या, "खाल्ला गो बाय. काल एक खाल्ला, आन परवा पन."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! माझा अंदाज बरोबर होता, माझा कान बरोबर होता, आणि आक्का शेवटी माझ्याशी खरं बोलल्या होत्या. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं! मी मऊ आवाजात म्हटलं, "असू द्या हो. होतं असं. दारात झाडं, आणि जीभ काय ऐकते का?" मग मी त्यांच्याशी खूप वेळ बोलले. सुरेशची चौकशी केली. त्यांच्या माहेरी मुरुडला आंबे कसे असायचे ते विचारलं. त्यांच्या आईचं, आक्कांच्या भाषेत आवशीचं, विचारलं, तेव्हा ती आढीतला आंबा वासावरून कसा काढायची ते आक्कांनी सांगितलं. मागून नवरा ओरडला की दूध उतू गेलं, तरी मी हलले नाही. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा मी ठामपणे सांगितलं, आंबा, तिनं स्वतः कबूल केलंय. ते म्हणाले, मग आंबा बंद आणि आणखी सहा युनिट वाढव. मी आक्कांना कळवलं. त्यांनी "बरा" म्हटलं.

शनिवारी सकाळी त्यांनी फोन उचलला नाही.

आठला केला, सव्वाआठला केला. नुसता वाजून बंद पडायचा. मी इतरांचे फोन उरकायला घेतले, पण कुणी काय सांगितलं ते डायरीत लिहायचंच राहून गेलं. पावणेनऊला पुन्हा केला. आक्कांच्या घरात तो साधा बटणांचा फोन ओसरीवरच्या खुंटीला पिशवीत टांगलेला असतो, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. तो तिथं वाजत असणार आणि त्या दोन हातांवर पडलेल्या असणार, असं चित्र डोळ्यांपुढं यायला लागलं. मी खाली फाटकाकडे बघितलं. बांबू होतेच. पुलाकडे बघितलं. तंबू होताच. तिथून पुढं पंचवीस किलोमीटर. मी चपला घालून दारापर्यंत गेले, आणि कुठं जाणार म्हणून परत त्या दीड फुटात येऊन उभी राहिले. इतकी असहाय मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

डायरीत आक्कांच्या नावाखाली शेजारणीचा नंबर होता. मंगल म्हणून, मासे विकते. नशिबानं ती अजून घरीच होती. तिला म्हटलं, पळा आणि फोन चालूच ठेवा. तिच्या धापा मला ऐकू येत होत्या, मग कोंबड्यांचा आवाज, मग तिची हाक, "आक्का! ओ आक्का!"

"म्याडम, ही खांबाला टेकून बसलीय. घामानं पार भिजलीय. मला वळखत नाय. कायतरी बडबडतेय."

घाम, बडबड, ओळख नाही. हे तर शुगर खाली गेल्याचं लक्षण. "मशीन आणा. बोट टोचा तिचं." मंगलला ते येत होतं, आक्कांचं बघून बघून ती शिकली होती.

"तीनशे एकेचाळीस."

आकडा म्हणत होता शुगर आभाळाला भिडलीय, घाम म्हणत होता तळाला गेलीय. साखर द्यावी तर आणि चढेल. न द्यावी तर कदाचित डोळ्यांदेखत जाईल. डॉक्टरांना विचारायचं तर मंगलचा फोन तोडावा लागला असता. आणि डोळ्यांदेखत तरी कुठं? माझ्या डोळ्यांपुढं भांडी घासायचा काथ्या आणि नळ होता. मंगल ओरडत होती, "काय करू? सांगा ना म्याडम, काय करू?"

"मंगल, बोट कशानं पुसलंत?"

"हितल्या फडक्यानं."

"ते फडकं कसलं आहे?"

"कसला म्हंजे? साठांचा. तीन दिस झाले, ही साठं घालतेय. हितं ताटंच ताटं मांडून ठेवलीन हायत उन्हात."

कानशिलात बसावी तसं झालं मला. आंब्याची साठं म्हणजे रस ताटात पसरून वाळवायचा, एकावर एक थर द्यायचे. बाजार बंद, आंबा टाकवत नाही, म्हणून आक्का पहाटेपासून रस काढून साठं घालत होत्या. हात रसात, ते हात पुसायला एक ओलं फडकं, आणि माझा फोन यायच्या वेळी त्याच फडक्यानं बोट पुसून टोचायचं. मशीन रक्तातली शुगर दाखवतच नव्हतं. ते बोटावरचा आंबा मोजत होतं. अख्खं जग त्या महिन्यात साबणानं हात धुवा म्हणून कोकलत होतं. मीही दिवसातून पन्नास वेळा तेच सांगत होते, आणि या एका बाईला मी फडक्यानं पुसायला सांगितलं होतं.

"साबण घ्या. तुमचे हात धुवा, तिचं बोट धुवा. घासून. पुन्हा टोचा."

पाणी ओतल्याचा आवाज आला. मग मंगलचा अगदी बारीक आवाज. "शेहेचाळीस."

"साखर द्या! गिळता येतंय का तिला? साखर द्या!"

"साखर खय हाय? डबा रिकामा हाय हिचा."

रिकामाच असणार. आक्कांच्या घरातली साखर मीच बंद करायला लावली होती.

"रस हाय म्याडम. टोपभर रस हाय."

"द्या! रस द्या! चमच्यानं, थोडा थोडा. गिळतेय ना बघा. द्या!"

मी इतक्या जोरात ओरडले की नवरा वर्ग सोडून धावत आला. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी एकाही माणसाला आंबा खा म्हणून सांगितलं नव्हतं. आता सिंकपाशी उभी राहून रडत रडत म्हणत होते, "अजून द्या. अजून एक चमचा." पलीकडं चमचा पेल्यावर आपटत होता. मग पाच-दहा मिनिटांनी, मला तरी तास वाटला, एक घोगरा आवाज आला. "मंगल, माका रस कशाक देतंस? ती बाय रागावंल." मी मटकन खाली बसले. फोन कानालाच होता, रेंज गेली. पुन्हा उठून उभी राहिले.

तासाभरानं आरोग्य केंद्रातली सिस्टर त्यांच्याकडे पोचली, डॉक्टरांशी बोलणं झालं, डोस पूर्वीचा झाला. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, फडक्यासकट. ते म्हणाले की यादीतल्या सगळ्यांना आज पुन्हा फोन कर, बोट साबणानं धुऊन तपासायला सांग. मी केले. आणखी दोघांचे आकडे शंभरांनी खाली आले. बाकीच्यांनी आंबे खाल्लेच होते.

आमच्या फाटकावरचे बांबू पुढं सुटले, पूल उघडला, लोक हळूहळू यायला लागले. माझ्या मनातलं कोंडलेपण मात्र गेलं नाही. त्या दीड फुटातून मी बाहेर आले असं मला अजूनही वाटत नाही. दवाखान्यात कुणी खोटं बोलताना नजर चोरली, तर मी पूर्वीसारखी तुटून पडत नाही. आधी त्यांचा हात हातात घेऊन बघते, बोटांना काही लागलंय का. लोकांना वाटतं मॅडम मवाळ झाल्या. मवाळ कसली, घाबरट झालेय.

आक्का आल्या त्या पावसाळा सरल्यावर, पहिल्या सुरू झालेल्या गाडीनं. तोंडाला सुती मास्क, हातात पिशवी. वजन कमी झालं होतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "ऱ्हवं दे गो. तुजा काय चुकला? फडक्याचा मला तरी काय म्हायत?"

पण मला ते फडकं सलत नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं, आणि फोनवर विचारायचा मला धीर झाला नव्हता. म्हटलं, "आक्का, तुम्ही एकही आंबा खाल्ला नव्हतात ना?"

"नाय."

"मग शुक्रवारी खाल्ला म्हणून का सांगितलंत? नाही म्हणूनच सांगत राहिला असतात, तर मी काहीतरी दुसरं शोधलं असतं. डोस वाढला नसता. तुम्ही गेला असतात, आक्का!"

त्या मास्क सारखा करत बसल्या. मला वाटलं, रागावल्या. मग त्या म्हणाल्या, "सुरेशचा फोन आयतवारचा. मंगल सकाळी जायची ती दुपारी यायची. तेव्हा कोन कोनाच्या घरात येत नव्हता. दिसभरात मान्साचा आवाज म्हंजे तुजाच. नाय म्हटला, तर तू बोललीस की फोन कशाला करू, आन ठेवलास. रातभर मी तेच धरून बसली, की उद्या करते की नाय करते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग खाल्ला म्हटला. तर किती बोललीस माज्याशी. माज्या आवशीचा पन विचारलंस."